ओल्या फडक्यातल्या काड्या

कलमकाकांच्या हाताला यश होते. शहराच्या कडेला, टायर दुरुस्तीच्या दुकानामागे त्यांची रोपवाटिका. पत्र्याचे फाटक, आत काळ्या पिशव्यांच्या ओळी, ओळींच्या टोकाला पाण्याची टाकी आणि टाकीशेजारी एक तिपाई. त्या तिपाईवर बसून काकांनी आयुष्य काढले. एका हातात रोप, दुसऱ्या हातात चाकू, ओठांवर नाम. चाकूने साल उकलायची, डोळा आत सरकवायचा, वरून पट्टीचे वेढे घालायचे आणि प्रत्येक वेढ्यागणिक देवाचे नाव घ्यायचे. डोळा म्हणजे फांदीवरचा तो इवलासा कोंब, ज्याच्यात अख्खे झाड झोपलेले असते. आणि असे चार-सहा डोळे असलेली पेन्सिलीएवढी फांदी, ती डोळकाडी. "आपण काय करतो?" काका म्हणत. "झोपलेल्याला एका घरातून उचलून दुसऱ्या घरात निजवतो. जागं करणारा वेगळाच आहे."

त्यांच्या धंद्यात एक समजूत होती, आणि धंद्याबाहेरच्या बायकांनाही ती तोंडपाठ होती. मागून नेलेली फांदी रुजत नाही. मालकाची नजर चुकवून मोडलेली फांदी हमखास रुजते. काकांचा त्यावर पुरता विश्वास होता की नव्हता, ते तो भगवंत जाणे. पण विश्वासाला जागा करून देण्याची त्यांची एक रीत होती. शेजारची सून गुलाबाशी घुटमळू लागली, शाळेतल्या बाई जास्वंदीपाशी उगाच हवापाण्याच्या गोष्टी काढू लागल्या, की काका त्यांच्याकडे पाठ करून उभे राहत आणि चष्मा पुसू लागत. चष्मा स्वच्छ झाला तरी पुसत. मागे हळूच कट्‌ असा आवाज होई. मग काका वळत आणि म्हणत, "काय म्हणत होता तुम्ही?" माणसावर प्रेम करण्याच्या नाना तऱ्हा असतात, पाठ फिरवून केलेले प्रेम काकांना साधले होते.

त्यांचे स्वतःचे लग्नसुद्धा अशाच एका फांदीपायी जमले, असे काकू म्हणत. मुलगी बघायला म्हणून काका गेले आणि अंगणातल्या संत्र्याच्या झाडाकडे बघत बसले. मुलगी चहा घेऊन आली, उभी राहिली, चहा निवला. निघताना त्यांनी सासऱ्यांचा डोळा चुकवून एक काडी मोडली आणि ओल्या फडक्यात गुंडाळून खिशात घातली.

"मला पसंत केलंच नाही यांनी," काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "झाड पसंत केलं. झाडाबरोबर मी आले."

"झाडानं आजवर उलटून उत्तर दिलं नाही," काका म्हणत.

"संत्री तरी मीच सोलून देते ना? झाड देतं का सोलून?"

त्या काडीचे झाड रोपवाटिकेच्या मधोमध उभे राहिले. काकूंचे माहेर पुढे विकले गेले, अंगणावर इमारत आली, मूळ झाड गेले. उरले ते हेच. आणि आता तेही थकले होते. एका अंगाने पिवळे पडू लागले होते, फळ लहान येत होते, एका बाजूने दबलेले, वाकडे. काकू म्हणत, "अहो, याला काहीतरी झालंय." काका सालीवरून हात फिरवत आणि म्हणत, "वय झालंय त्याचं. माझं नाही का झालं?" दुसऱ्याच्या अंगणातले पान उलटून पाहिल्यावाचून जो माणूस औषध सांगत नसे, त्याने आपल्या अंगणातले पान उलटून पाहिले नाही. माया अशीच असते. ती डोळ्यांवर पट्टी बांधत नाही. ती नुसती शेजारी बसते आणि सगळे ठीक आहे म्हणते.

लेक परदेशी होती. जावई तिथल्या एका मोठ्या संत्र्याच्या बागेत पाण्याच्या नळ्यांची देखभाल करत. बागेच्या कुंपणाच्या आतच त्यांना राहायला छोटे घर मिळाले होते, मागे हातभर अंगण असलेले. घर नोकरीबरोबर आले होते आणि नोकरीबरोबरच जाणार होते. "दोन-तीन महिने येऊन राहा," असे लेक कितीदा म्हणाली, आणि अखेर तिकिटे निघाली.

काका नियमाचे पक्के. पट्ट्यांवरूनच रस्ता ओलांडणारे, रिकाम्या चौकातही लाल दिव्याला थांबणारे. टायरवाला त्यांची थट्टा करी, "काका, गाडी कुठंय? तुम्ही कुणासाठी थांबलात?" काका म्हणत, "दिव्यासाठी." परदेशी जायचे ठरल्यावर तर त्यांनी जाऊन आलेल्या प्रत्येकाला गाठले. पासपोर्टच्या प्रती काढून एक संच काकूंच्या पिशवीत, एक स्वतःच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला. वकिलातीचा फोन नंबर पाठ केला. औषधांबरोबर डॉक्टरची चिठ्ठी घेतली. कलमाचा चाकू हातातल्या सामानात चालत नाही असे कळताच तो मोठ्या बॅगेत, कपड्यांच्या तळाशी गेला. कोपऱ्यावरच्या वाणिणीने आपल्या भाच्यासाठी एक शिवलेले पुडके दिले, तर काका म्हणाले, "उघडा."

"अहो, घरचंच आहे. कपडे आहेत."

"असतील. पण मला विचारलं तर मी काय सांगू? वाणीणबाई म्हणाल्या म्हणून?"

वाणीणबाई पुडके घेऊन गेल्या, आणि नंतर कितीतरी दिवस काकूंशी तुटक बोलल्या.

लेकीने फोनवर एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगितली. "बाबा, नीट ऐका. बी नको, रोप नको, फांदी नको. मातीचा कण नको. चपला धुऊन या. इथं त्याला फार जपतात. बागेत राहणाऱ्यांना तर फारच कडक आहे. कुणी काही आणलं तर घर सोडावं लागतं, नोकरीही जाते. कळलं?"

"बरं."

"बरं म्हणजे काय?"

"बरं म्हणजे बरं. माझं शिक्षण झालंय गं."

चपला त्यांनी खरोखर धुतल्या, ब्रशने, तळव्याच्या खाचा टोकरून. आणि निघायच्या दिवशी पहाटे संत्र्याच्या चांगल्या अंगाकडच्या चार डोळकाड्या कापल्या.

हे कसे झाले, ते समजून घ्यायला हवे. काकांनी मनात कायदा मोडलाच नव्हता. कायदा वस्तूंचा असतो: चाकू, औषध, पुडके, पैसा. काडी ही वस्तू नव्हे. काडी म्हणजे घरचे माणूस. पासपोर्टवर काकूंचे नाव होते, त्यांचे होते. हे तिसरे माणूस बिनपासपोर्टचे निघाले होते इतकेच. आणि लेकीने नको म्हटले, ते तर धंद्याच्या रीतीत बरोबरच बसत होते. मागितली असती तर रुजली नसती. झाड इथे वठत चालले आहे. तिथे, संत्र्यांच्या देशात, लेकीच्या अंगणात ते पुन्हा उभे राहील, काकूंचे माहेर पुन्हा उभे राहील. एवढा मोठा विचार ओल्या फडक्यात बसला. फडके प्लास्टिकमध्ये, प्लास्टिक लोकरीच्या मफलरात आणि मफलर काकूंच्या पिशवीत. काकूंच्या का, तर मफलर त्यांचा होता. एवढाच विचार केला. त्यापुढचा केला नाही.

विमानतळावर उतरल्यावर भिंतीभर चित्रे होती. फळ, पान, बी, मातीने भरलेला बूट. प्रत्येकावर तांबडी फुली. चित्रांखाली एक पेटी होती, उघड्या तोंडाची. ज्याच्याजवळ जे असेल ते त्याने इथे टाकावे आणि निर्धास्त पुढे जावे. पुढ्यातल्या एका बाईने डब्यातले सफरचंद टाकले. काकांनी चित्रे पाहिली, पेटी पाहिली. मग चष्मा काढला आणि पुसू लागले.

गणवेशातल्या माणसाने काकूंच्या पिशवीकडे बोट दाखवून चित्रांकडे बोट दाखवले आणि भुवया उंचावल्या. काकूंनी हसून मान हलवली. नाही. तो हसला, त्याने हाताने पुढे जा म्हटले.

घर खरेच छोटे होते. एक खोली, स्वयंपाकाची खिडकी, खिडकीबाहेर कपड्यांची तार, आणि मागच्या अंगणात कुंपणाला टेकून कुणी न लावलेले, आपोआप उगवलेले एक काटेरी रानलिंबू. काकांना ते दिसले मात्र, त्यांना गलबलून आले. ज्याच्यावर कलम बांधायचे ते मुळाचे झाड, तो खुंट, देवाने आधीच तयार ठेवला होता. फक्त डोळा भरायचा होता. दुसऱ्या दिवशी सगळे उठायच्या आत ते अंगणात गेले. काड्या उघड्या दगडावर मांडल्या. साल उकलली, तीन डोळे भरले, नाम घेत घेत पट्टीचे वेढे घातले. सगळे उरकून ते उभे राहिले तेव्हा कुंपणापलीकडे उन्हात बागेची पहिली ओळ हिरवीगार तेवत होती, इतकी जवळ की हात लांबवला असता तर पान हाती आले असते.

न्याहारीनंतर लेक त्यांना बाग दाखवायला निघाली. काकू स्वयंपाकघरात रमल्या होत्या. बागेच्या फाटकापाशी जमिनीत एक उथळ हौद होता, त्यात निळसर औषधाचे पाणी. लेक त्यात पाय बुडवून पुढे गेली.

"हे काय? देवळात शिरायचंय का?"

"तसंच समजा. चपला बुडवा, बाबा. दोन्ही."

पुढे एक माणूस फांद्या छाटत होता. एक झाड झाले की तो कात्री औषधात बुडवी, पुसे, मगच दुसऱ्या झाडाला लावी. काका थांबून बघत राहिले. आयुष्यभर त्यांनी तोच चाकू या झाडातून त्या झाडात फिरवला होता. फार तर धोतराच्या सोग्याला पुसून. त्यांना त्या माणसाचा हेवा वाटला नाही, राग आला नाही. एखाद्या पुजाऱ्याला दुसऱ्या देवळातली पूजा बघून वाटावे तसे काहीतरी वाटले: हे लोक माझ्याच देवाची पूजा करतात, पण हात धुऊन करतात.

बागेवर देखरेख करणारी बाई तिथेच होती. उंच, उन्हाने रापलेली, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. काकांनी मनातल्या मनात तिचे नाव मुकादमबाई ठेवले. लेकीने ओळख करून दिली, वडील कलमे बांधतात म्हणून सांगितले. मुकादमबाईने काकांचा हात हातात घेतला, अंगठ्यावरचा चाकूचा घट्टा पाहिला आणि काहीतरी म्हणून हसली.

"काय म्हणते?"

"म्हणते, हा हात मला ओळखीचा आहे. तिच्या वडिलांचा असाच होता."

मग त्यांना घेऊन ती ओळींमधून चालू लागली. झाडामागून झाड, भरलेली, गच्च, एकही पान वावगे नाही. आणि एकाएकी झाडे संपली. पुढे नुसती जमीन. नांगरलेली, उघडी, पार टेकडीच्या पायथ्यापर्यंत.

"इथं काय होतं?" काकांनी विचारले.

लेकीने मुकादमबाईला विचारले, ऐकले. "इथंही संत्रीच होती, बाबा. उपटून जाळली. तिच्या वडिलांनी लावलेली होती." ती पुढचे ऐकू लागली आणि तिचा आवाज सावकाश झाला. "कुणीतरी आपल्या गावाकडून एक फांदी आणली होती. चांगल्या मनानं. आजोबांच्या झाडाची का काय. तिच्यात रोग होता. वरून काही दिसत नव्हतं. एक बारकासा किडा असतो, तो एका झाडाचा रस पितो आणि दुसऱ्यावर जाऊन बसतो. औषध नाही त्याला. झाडं काढायची, एवढंच."

"दिसतं कसं झाड? रोग झालेलं?"

लेकीने विचारले. मुकादमबाईने हवेत हाताने झाड काढून त्याची एक बाजू दाखवली.

"एका अंगानं पिवळं पडतं म्हणे. पानावर डाग येतात, पण डावीउजवीकडे सारखे नाहीत. फळ लहान, एका बाजूनं दबलेलं, वाकडं. लोकांना वाटतं झाड म्हातारं झालं."

काकांचा हात खिशात गेला होता आणि तिथे पट्टीचा उरलेला तुकडा बोटांना लागला होता. ऊन तेच होते, वारा तोच होता. पण ज्या माणसाने आयुष्यभर झोपलेल्याला उचलून नव्या घरात निजवले, त्याला आता कळत होते की आज सकाळी आपण कुणाला आणून निजवले.

"अगं," ते लेकीला म्हणाले, "मी काड्या आणल्यात. सकाळी मागच्या रानलिंबावर डोळे भरलेत. आपलं झाड तसंच दिसतं. एका अंगानं पिवळं."

लेकीचा चेहरा उतरला. ती मुकादमबाईकडे बघून हसली, काहीतरी किरकोळ बोलल्यासारखे दाखवले आणि आपल्या भाषेत, ओठ न हलवता म्हणाली, "बाबा, गप्प राहा. एक शब्द बोलू नका. घरी जाऊ, उपटू, जाळून टाकू. कुणाला कळणार नाही."

"काड्या दगडावर उघड्या ठेवल्या होत्या मी. बराच वेळ. त्यावर किडा असला आणि उडाला असला तर? तो काय मला विचारून उडणार आहे? पहिली ओळ हातभर अंतरावर आहे."

"ते घर आहे आमचं. यांची नोकरी आहे. मी तुम्हाला सांगितलं होतं ना, किती वेळा सांगितलं."

"सांगितलं होतंस."

"मग?"

सांगावे तर लेकीचे छप्पर जाते. न सांगावे तर ही झाडे जातात, आणि या बाईच्या वडिलांनी लावलेले जेवढे उरले आहे तेही जाते. आणि सांगण्याची सोयसुद्धा त्यांच्या हाती नव्हती. तिथली भाषा त्यांना येत नव्हती. त्यांच्या जिभेपुढे लेक उभी होती.

"हिला मला सांगता येत नाही," ते म्हणाले. "तू सांगशील तरच सांगितलं जाईल. नाही सांगितलंस तर मी तुला बोल लावणार नाही, जन्मात लावणार नाही. घर तुझं आहे. पण तुझ्या जागी मी असतो तर काय केलं असतं, ते विचारू नकोस; मी काय केलं ते तुला दिसतंच आहे."

लेक बराच वेळ त्या उघड्या जमिनीकडे बघत राहिली. तीही त्या तिपाईशेजारीच लहानाची मोठी झाली होती. कोवळ्या पानाचा वास तिच्याही अंगात होता. मुकादमबाई थांबली होती. तिला शब्द कळत नव्हते, पण बाप-लेकीत काहीतरी घडते आहे एवढे कळत होते, आणि तिने घाई केली नाही. मग लेक तिच्याकडे वळली आणि बोलू लागली. काका चार वाक्ये बोलले होते. ती किती तरी बोलली. मध्येच तिने स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

"काय सांगितलंस एवढं?"

"तुम्ही सांगितलं ते. आणि घर आमचं आहे, तेव्हा विचारायचं ते मला विचारा, असं."

मुकादमबाई रागावली नाही. रागावली असती तर सोपे गेले असते. तिने फोन काढला आणि विचारत गेली, लेक सांगत गेली. कधी बांधले. कुठल्या चाकूने. तो चाकू आणखी कशाला लागला का. सकाळपासून कुठल्या झाडाला हात लावला. मग तिने काकांना हाताने जागेवरच थांबा म्हटले. काका वाटेच्या मधोमध उभे राहिले, हात पाठीमागे बांधून, शाळेत उभ्या केलेल्या मुलासारखे. आणि पांढरे पोशाख घातलेली माणसे गाडीतून उतरेपर्यंत त्यांनी एका पानालाही अंग लागू दिले नाही.

त्या माणसांनी रानलिंबू मुळासकट काढले. डोळे भरलेली फांदी, उरलेल्या काड्या, फडके एका पिशवीत बंद करून तपासणीला नेले. चाकू नेला. मफलर नेला. काकूंची पिशवी जाळायला बाहेर काढली, तेव्हा काकू पुढे आल्या.

"अगं, माझी पिशवी का नेताहेत? त्यात काय आहे?"

काकांनीच सांगितले. सगळे सांगितले, एका दमात, खाली बघून.

"माझ्या पिशवीत," काकू म्हणाल्या.

"हो."

"त्या माणसानं मला विचारलं आणि मी नाही म्हणाले. हसून नाही म्हणाले. तुम्ही शेजारी चष्मा पुसत उभे होतात." त्यांचा आवाज चढला नाही. "मला धरलं असतं, तर मी कुठल्या भाषेत सांगितलं असतं की मला ठाऊक नाही?"

संसारात या बाईने त्यांना हजार टोमणे मारले होते आणि काकांनी ते फुलासारखे झेलले होते. हा टोमणा नव्हता. हा झेलता आला नाही.

जावई संध्याकाळी आले. ते मुळात अबोल. त्यांनी पांढऱ्या पोशाखातल्या माणसांबरोबर कुंपणाला लागून असलेल्या ओळीवर खुणेच्या फिती बांधल्या. दुसऱ्या दिवशी ती पहिली ओळ निघाली. किडा सापडला नव्हता, पण सापडेपर्यंत थांबत नसतात म्हणे. काका खिडकीतून बघत होते. ज्या पानापर्यंत त्यांचा हात पोचला असता, ते झाड यंत्राने उचलले आणि त्याची मुळे हवेत लोंबली, ओल्या मातीसकट. काकांनी चष्मा पुसला नाही. पाठ फिरवली नाही. ओळीतले शेवटचे झाड निघेपर्यंत ते तिथेच उभे राहिले, आणि त्यांच्या ओठांवर नाम चालू होते.

आठवडाभर घरात चमच्यांचे आवाज तेवढे होते. मग मुकादमबाई स्वतः आली आणि दारातच बोलली. लेकीने सांगितले तेव्हा तिचे शब्द अडखळत होते. काड्यांत रोग निघाला होता. काकांना दंड झाला होता, तो भरावा लागणार होता, आणि त्यांचे नाव तिथल्या दप्तरी कायमचे लागले होते. पुन्हा या देशात येताना प्रत्येक वेळी पिशव्या उघडाव्या लागणार होत्या. पण कुणी विचारायच्या आत घरच्यांनी स्वतः सांगितले, त्याच दिवशी सांगितले, म्हणून बाग वाचली होती. आणि म्हणून घर राहिले होते, नोकरी राहिली होती.

मुकादमबाई गेल्यावर जावई पहिल्यांदा बोलले. "बाबा, तुम्ही गप्प राहिला असता, तर मी तुम्हाला कधीच काही म्हणालो नसतो," ते म्हणाले. "कारण मला कळलंच नसतं." आणि ते कामावर निघून गेले. यात माफी होती की नव्हती, काकांनी विचारले नाही.

त्यांचे मन दुसरीकडेच होते. काड्यांत रोग निघाला, म्हणजे झाडात रोग होता. रोपवाटिकेच्या मधोमध, इतकी वर्षे. इथे कायदा होता, हौद होता, पांढऱ्या पोशाखाची माणसे होती. तिथे कोणी नव्हते. तिथे ते झाड आणखी दोन-चार वर्षे सुखाने वठले असते, आणि वठता वठता आळीतल्या साऱ्या संत्र्यांना घेऊन गेले असते. कोणी विचारायलाही आले नसते. परक्या मुलखाच्या कायद्याने त्यांना परक्या मुलखात अडवले, इतकेच ते नव्हते. त्याने त्यांना त्यांच्याच अंगणात नेऊन उभे केले होते.

काकू ओट्यापाशी कोथिंबीर निवडत होत्या. काका जवळ जाऊन बसले.

"फळं वाकडी येत होती," काकू म्हणाल्या, वर न बघता. "मी म्हणत होते ना, याला काहीतरी झालंय."

"म्हणत होतीस."

"तुम्ही म्हणायचात वय झालं."

"हो."

"माझ्या माहेरचं म्हणून म्हणायचात. मला वाईट वाटू नये म्हणून."

काकांनी यावर विचार केला. "तुला नव्हे," ते म्हणाले. "मला वाटू नये म्हणून."

काकूंनी कोथिंबीर बाजूला ठेवली. "फोन लावा भाऊजींना."

रोपवाटिका काकांचा धाकटा भाऊ सांभाळत होता. फोन लागला. काकांनी सांगायला सुरुवात केली: कात्री उकळत्या पाण्यात घाल, आमच्या झाडाची काडी कुणालाही देऊ नकोस, ज्यांनी ज्यांनी आजवर नेली त्यांना मी आल्यावर स्वतः जाऊन सांगणार आहे.

"कुणाकुणाकडे गेलीत ती कलमं, दादा? नावं सांग, मी आजच जातो."

"नावं मला ठाऊक नाहीत रे," ते म्हणाले. "मी पाठ करून उभा असायचो. घरोघर विचारत फिरावं लागेल."

"बरं. आणि झाडाचं काय करायचं?"

हजारो खुंटांचे शेंडे ज्याने छाटले, त्याला एका झाडाचे नाव घेता येईना. भाऊ पलीकडून हॅलो, हॅलो म्हणत राहिला. काकूंनी ओले हात पदराला पुसले आणि त्यांच्या हातातून फोन घेतला.

"भाऊजी, मी बोलतेय. तोडून टाका. जागच्या जागी जाळा; पाला बाहेर नेऊ नका. खोड राहू देऊ नका, मुळं खणून काढा सगळी." पलीकडून काहीतरी विचारले गेले. काकूंनी ऐकून घेतले. "हो, माहीत आहे मला ते कुठलं आहे. म्हणून तर मी सांगतेय. यांच्यानं ते सांगवणार नाही. आजच करा. आणि एकट्यानं करू नका, तुमचा गुडघा धड नाही. टायरवाल्याला हाक मारा."